१९९१ सालचे कोणते पॉप-रॉक अल्बम आज ऐकावेत?

चारच घ्या. आधी निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड'. पहिल्याच गाण्यात कडवं दबकं आणि ध्रुवपद एकदम अंगावर येतं. ही क्लृप्ती मूळ पिक्सीज या बँडची, निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनने ते कबूलही केलं होतं. बहुतेक सीडींवर शेवटच्या गाण्यानंतर सुमारे १० मिनिटं शांतता आणि मग एक लपवलेलं गाणं आहे, तेव्हा लगेच बंद करू नका. आर.ई.एम.च्या 'आउट ऑफ टाइम'मधल्या 'लूजिंग माय रिलिजन'ची मुख्य सुरावट मँडोलिनवर आहे, तिकडे कान ठेवा. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' मात्र हेडफोनवरच. त्यांचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स तारा छेडताना ट्रेमोलोची दांडी (गिटारवरची सूर वरखाली करणारी दांडी) हातातच धरून ठेवतो, म्हणून सूर सतत किंचित ढळतो. रेकॉर्डिंग खराब नाही. मेटॅलिकाचा काळा अल्बम (नाव 'मेटॅलिका'च) जरा जास्तच गुळगुळीत, पण ड्रम्सच्या दणक्यासाठी ऐकाच.

अ‍ॅपवर सालाचा फिल्टर लावू नका. रिमास्टरवर (आवाज नव्याने सुधारलेल्या आवृत्तीवर) बऱ्याचदा नव्या आवृत्तीचं साल असतं आणि नेमके हेच अल्बम गळतात. नावाने शोधा, डीलक्स आवृत्ती टाळा. मागे डेमोंची (कच्च्या रेकॉर्डिंगची) लांबलचक शेपूट असते.