बर्फातल्या वाटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघं हिवाळ्यात स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून डोंगरात जाणार आहोत, मार्क केलेल्या वाटेच्या बाहेर. बुलेटिनमध्ये हिमस्खलनाचा धोका ५ पैकी ३ दाखवतायत, म्हणजे मध्यमच ना? आदल्या रात्री बर्फ पडणार आहे पण आम्ही निघू त्या दिवशी मस्त ऊन आहे.

उत्तर : तो ३ म्हणजे मध्यम हे आधी डोक्यातून काढून टाका प्लीज. ही पट्टी सरळ चढत नाही, २ वरून ३ वर गेलं की धोका एकदम उडी मारतो, आणि ३ च्या दिवशी खूप माणसं दगावतात कारण ४-५ असेल तर बहुतेक जण तिकडे फिरकतच नाहीत. ३ असताना काही उतार, म्हणजे त्यांच्यावरचा बर्फ, एकट्या माणसाच्या वजनानेही सुटू शकतात. जीव जातात त्या बहुतेक घटनांमध्ये उतार सोडवणारा तोच माणूस असतो किंवा त्याच्याच ग्रुपमधला कुणीतरी.

मला जास्त काळजी तुमच्या त्या उन्हाचीच वाटते. नवीन बर्फ पडल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात वाईट, त्यात वारा असेल तर तो बर्फ उडवून धारेच्या पलीकडे, आडोशाच्या बाजूला नेऊन थापतो आणि तिथे एक सलग थर तयार होतो, दिसायला इतका गुळगुळीत की पाय टाकावासा वाटतो. आकाश निळं झालं म्हणून त्याच्याखालचा कच्चा थर लगेच पक्का होत नाही.

मग करायचं काय, तर उतार निवडायचा, कारण बर्फ आपल्या हातात नाही, वाट आहे. असे थर बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. घरीच नकाशावर उताराचे रंग दाखवणारा लेयर लावून रूट आखा, आणि तिथे गेल्यावर शंका आली तर कडेच्या छोट्या चढावर काठी उताराच्या दिशेने बर्फावर टेकवा, तिच्यावर फोन ठेवा आणि अँगल बघा, कारण नुसत्या नजरेचा अंदाज चुकतो. ३० च्या बऱ्यापैकी आत राहा. तुम्ही सपाटीवर असाल पण डोक्यावर तीव्र उतार असेल तर तेही नको, आणि घळीत तर अजिबातच नको, तिथे थोडासा बर्फ आला तरी खोल साचतो.

प्रश्न : बीकन (गाडलेल्या माणसाला शोधायला सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस कुठे आहे ते बघायची लांब काठी), फावडं सगळं घेतलंय. एवढं पुरे का?

उत्तर : घेतलंत ते छानच, पण वापरायची सवय आहे का? गाडला गेलेला माणूस पहिल्या १० मिनिटांत बाहेर निघाला तर वाचायची शक्यता खूप चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते, म्हणजे मदत बोलवून वाट बघण्यात अर्थ नाही, सोबतचेच शोधणार आणि सोबतचेच खणणार. म्हणून बॅगेत एक बीकन लपवून चौघांनीही शोधायची प्रॅक्टिस करा. शोधताना फोन बीकनपासून किमान ५० सेंटिमीटर लांब. प्रोब लागला की तो तसाच रोवून ठेवा आणि बरोबर वरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा. फावडं मेटलचंच हवं, कोसळून खाली थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की प्लास्टिकचं मोडतं. आणि काही जण आपटूनच दगावतात हो, तिथे बीकन काही करू शकत नाही.

प्रश्न : चालताना पायाखालून 'धुप्प' असा आवाज आला. ग्रुपमधले म्हणाले बर्फ बसतोय, चांगलंच आहे. खरं का?

उत्तर : अजिबात नाही. आतला कच्चा थर कोसळल्याचा तो आवाज, आणि अशीच परिस्थिती जवळच्या उभ्या उतारावर असेल तर तो सुटतो. पायापासून भेगा पळताना दिसल्या तरी तेच समजा. पुढे जायचं नाही, आलेल्या पाऊलखुणांवरूनच मागे फिरायचं, आणि वाटेत तीव्र पट्टा असेल तर एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची.