‘सौम्य लाठीमार करावा लागला’ या वाक्याविषयी

उत्सवाच्या मिरवणुकीत शांतपणे चालणाऱ्या लोकांवर पोलिसांनी काठ्या चालवल्या, तर ‘चकमक झाल्याने पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’ असे लिहिणे बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे. व्याकरण शाबूत आहे. आक्षेप घ्यायला जागा आहे ती शब्दांच्या निवडीत.

‘चकमक’ हा तुर्की मुळाचा शब्द ठिणगी पाडणाऱ्या गारेचा. गार आणि पोलाद एकमेकांवर आपटल्याशिवाय ठिणगी उडत नाही, म्हणूनच दोन्ही बाजूंनी वार झाले तर चकमक झडते. ‘झटापट’ही तशीच दुहेरी. एका बाजूने मारले आणि दुसऱ्या बाजूने मार खाल्ला, तर त्याला या दोहोंपैकी एकही शब्द लागू पडत नाही. ‘सौम्य’ हे विशेषण तर मूळचे सोमाचे, म्हणजे चंद्राचे. चंद्रासारखा शीतल लाठीमार कसा असतो हे ज्याच्या पाठीवर वळ उठले त्यालाच विचारावे लागेल. हे माप मारणाऱ्याच्या हाताचे आहे, त्यामुळे बातमीदाराने ते स्वतःचे म्हणून वापरू नये.

माझ्या मते खरी मेख मात्र ‘करावा लागला’ या क्रियापदात आहे. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ या वाक्यात केवळ घटना आहे. ‘पोलिसांना लाठीमार करावा लागला’ म्हटले की ‘पोलिसांनी’चे ‘पोलिसांना’ होते आणि कृती करणारा माणूस परिस्थितीने भाग पाडलेला माणूस बनतो. गंमत अशी की, दुसरा इलाज होता की नव्हता हाच अशा प्रसंगी चौकशीचा मुख्य मुद्दा असतो. बळाच्या वापराविषयी संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने 1990 साली हवाना येथे जी मूलतत्त्वे स्वीकारली, त्यांनुसार जमाव बेकायदेशीर असला तरी हिंसक नसेल, तर तो पांगवताना बळाचा वापर टाळावा आणि ते शक्य नसेल तिथे किमान आवश्यक तेवढेच बळ वापरावे. म्हणजे चौकशीत जे सिद्ध व्हायचे, ते ‘लागला’ या एका शब्दाने आधीच मान्य करून टाकलेले असते. ‘लाठीमार करण्यात आला’ या रचनेत निदान सक्ती सूचित होत नाही, पण तिथे कर्ताच गायब होतो.

आणखी एक अडचण आपल्या शब्दसंपत्तीची आहे. ‘मोर्चा’ हा फारसीतून आलेला, मूळचा लढाईतला शब्द (‘मोर्चेबांधणी’त तो अर्थ अजून टिकून आहे), आणि त्यात चालणाऱ्याला ‘मोर्चेकरी’ हे रुळलेले नाव आहे. ‘मिरवणूक’ हा ‘मिरवणे’पासून झालेला हौसेचा शब्द, पण तिच्यात चालणाऱ्याला असे सुटसुटीत नाव नाही, म्हणून बातमीत त्याचा पटकन ‘जमाव’ होतो, आणि पोलिसी कागदांत तर ‘गैरकायद्याची मंडळी’. एकदा ‘जमाव’ म्हटले की ‘पांगवला’ हे क्रियापद मागोमाग येतेच.

एक उदाहरण घेऊ. 24 जून 1978 रोजी रात्री सिडनीत समलिंगी स्त्रीपुरुषांची ‘मार्डी ग्रा’ नावाची पहिली उत्सवी मिरवणूक निघाली. तिला आधी परवानगी मिळालेली होती, पुढे गाणी वाजवणारा ट्रक होता आणि लोक नटूनथटून नाचत होते. पोलिसांनी ट्रक अडवला, नंतर किंग्ज क्रॉस भागात लोकांना घेरून पकडायला सुरुवात केली. एकूण 53 जणांना अटक झाली आणि कोठडीत काहींना बेदम मारहाण झाली. धरपकड सुरू झाल्यावर काहींनी प्रतिकार केला, आणि तेवढ्या टप्प्यापुरते ‘झटापट’ म्हणायला माझी हरकत नाही. पण सगळ्या रात्रीला तो एकच शब्द लावला, तर आधी काय झाले आणि नंतर काय, हा क्रमच पुसला जातो. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने 2016 साली या लोकांची माफी मागितली, ती काही दोन्ही बाजूंच्या चकमकीबद्दल नव्हती.

तेव्हा विचारलेले वाक्य मी असे लिहीन : ‘मिरवणुकीत चालणाऱ्यांवर पोलिसांनी लाठीमार केला.’ पाण्याचा मारा, अश्रुधूर किंवा रबरी गोळ्या वापरल्या असतील तर ‘बळाचा वापर’ असे मोघम न लिहिता तेच नाव घ्यावे. ‘लाठीहल्ला’ हा शब्द अधिक कठोर आहे आणि त्यात लेखकाचे मत डोकावते. म्हणून बातमीत ‘लाठीमार’, अग्रलेखात हवे तर ‘लाठीहल्ला’. आणि ‘सौम्य’ व ‘करावा लागला’ हे शब्द पोलिसांच्या निवेदनातले असतील, तर ते अवतरणचिन्हांत घालून पुढे ‘असे पोलिसांनी सांगितले’ एवढे जोडावे.