मधोमध कापलेली नोट बाद समजावी का?

पणजोबांच्या पेटीत सापडलेली १९०१ सालची, मुंबई सर्कलची (म्हणजे सरकारच्या मुंबई चलन-विभागाने काढलेली) दहा रुपयांची नोट मधोमध कापून मागून कागदाच्या पट्टीने जोडलेली आहे. ती फाटकी म्हणून बाद समजावी का आणि लॅमिनेट करून ठेवावी का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर नुकसान भरून निघत नाही : लॅमिनेट मुळीच करू नका. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका नोटेला चिकटपट्टी लावली होती. तिचा पिवळा डाग आजही मला लाजवतो. पीव्हीसी नसलेले पॉलिएस्टरचे पाकीट पुरेसे आहे.

आता त्या कापाविषयी. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाखा बँकांकडून सरकारकडे गेला. राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या पहिल्या सरकारी नोटांच्या नकला होऊ लागल्यामुळे १८६७ पासून जलचिन्हाच्या कागदावर एकाच बाजूने छापलेल्या नोटा आल्या, आणि आपली नोट त्याच मालिकेतील आहे. त्या काळी व्यापारी परगावी रक्कम पाठवताना वाटेत चोरी होऊ नये म्हणून नोटेचे दोन तुकडे करीत, एक टपालाने पाठवीत आणि तो पोचल्याचे पत्र आल्यावरच दुसरा रवाना करीत. एकट्या तुकड्याचा चोराला उपयोग नसे. तेव्हा आपल्या नोटेचा काप सरळ, कात्रीने केलेला असेल, तर ती बहुधा असा प्रवास करून आलेली आहे.

मात्र दोन्ही तुकड्यांवरील क्रमांक एकच आहे ना, हे भिंगाने अवश्य पाहा. भिन्न नोटांचे तुकडे जोडून विकणारे महाभाग या छंदात कमी नाहीत.

‘मुंबई’ हा उल्लेखही महत्त्वाचा आहे. त्या वेळी दहाची नोट कायद्याने तिच्या स्वतःच्या सर्कलमध्येच वटत असे. दूरच्या गावी ती घेणारा सराफ बट्टा कापून घेई. हे बंधन १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटांवरून टप्प्याटप्प्याने उठले. म्हणूनच संग्राहक सालाइतकेच सर्कलही पाहतात.

कापामुळे अखंड नोटेपेक्षा किंमत कमी येईल, हे खरे आहे. तरीही मागची पट्टी सोडवू नका. नोटेची पाठ कोरी असल्याने पेढ्यांचे शिक्के आणि सह्या तिथेच सापडतात, आणि पट्टी सोडवताना ओल्या बोटाने त्या पुसल्या जातात.