लॉनमधली पिवळी चांदणी

प्रश्न : ताई, सहा वर्षांपूर्वी अंगणात लॉन केलं, खाली माती मागच्या डोंगराची. यंदा गवत कापायचं यंत्र बिघडल्यामुळे मेअखेरपासून हात लावला नाही, तर जूनमध्ये दोन-चार सरी पडताच गवतात पिवळी फुलं! सहा पाकळ्या, रुपयाएवढी, जमिनीलगत. देठ सापडतच नाही. माळीकाका लव्हाळा म्हणतात. उपटायला गेले तर पानं हातात आली, खालचं आतच राहिलं. ठेवू की काढू? फोटो पाठवतेय.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काढू नका हो! ही काळी मुसळी. लव्हाळ्याचा फुलाचा दांडा बोटांत फिरवला तर तीन कडा लागतात आणि त्याचा तुरा तपकिरी असतो. तुमच्या फोटोत पानाला साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या आहेत, कोवळ्या नारळाच्या रोपासारख्या. पाकळी उलटून बघा, पाठीवर लव दिसेल.

देठ सापडेल कसा? या फुलाचा बीजकोश पानांच्या बुडाशी, मातीतच असतो. वर येते ती बारीक नळी आणि तिच्या टोकावर चांदणी. फळही खालीच धरतं. (भुईमूग आठवला ना? पण त्याचं फूल वर येतं आणि मग फुलाखालचा दांडा, म्हणजे आरी, जमिनीत शिरते.) शिवाय पानाचं टोक मातीला टेकलं की तिथेच मुळं फुटून नवं रोप तयार होतं.

डोंगराच्या मातीतून कंद आले असणार आणि तुम्ही दरवर्षी फुलायच्या आत त्यांची हजामत करत आलात. यंत्र बिघडलं ते बरंच झालं.

तुमच्या हातात न आलेला तो कंद वरून काळा, आतून पांढरा, मुसळासारखा सरळ खाली गेलेला असतो. औषधासाठी तो रानातून इतका उकरला जातो की काही भागांत ही वनस्पती दुर्मीळ झाली आहे. घरच्या घरी काढे करत बसू नका. आणि सफेद मुसळी ही वेगळी. तिला उभ्या दांड्यावर पांढरी फुलं येतात.

तेवढ्या कोपऱ्याला सुतळी बांधून माळीकाकांना दाखवून ठेवा. पाऊस सरल्यावर पानं वाळतील, तेव्हा ‘मेली’ म्हणून तिथे कुदळ घालू देऊ नका.