जुन्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकाचं इम्युलेटर (त्याची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर) विंडोजवर कसं बसवायचं? वडिलांच्या फ्लॉपीतले प्रोग्राम त्यात चालतील का?

बसवण्यात अवघड काही नाही. बीबएम नावाचं इम्युलेटर उतरवून घ्या आणि नेहमीसारखं नेक्स्ट-नेक्स्ट करत जा. रॉम, म्हणजे मशीनचे अंगभूत प्रोग्राम, सोबतच येतात. काळ्या पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' आणि खाली 'बेसिक' (त्याची प्रोग्रामिंगची भाषा) दिसलं की मशीन सुरू. मूळची ब्रेक की इथे एफ१२ वर आहे. डिस्क इमेज (फ्लॉपीची फाइलमधली नक्कल) लावून शिफ्ट-एफ१२ दाबलं की डिस्क बूट होते. स्टार टाइप करायला शिफ्ट-८ दाबाल तर कंस उमटेल, कारण मूळ कीबोर्डवर ८ च्या डोक्यावर कंसच होता. कीबोर्ड मॅपिंग 'लॉजिकल' करा, म्हणजे कीवर छापलंय तेच उमटेल. त्यात काही गेमच्या की चुकतात, तेव्हा परत मूळ मॅपिंगवर या.

नुसते गेम खेळायचे असतील तर एवढंही करू नका, जेएसबीब हे इम्युलेटर थेट ब्राउझरमध्ये चालतं. पण माझं स्पष्ट मत आहे की हे मशीन प्रोग्राम लिहायला आहे. १९८४-८५ मध्ये सरकारच्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पातून बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या शाळांत आले, तसे आमच्याही शाळेत आले. चपला बाहेर काढायच्या, सर टाइप करणार आणि आम्ही मागे उभं राहून बघणार. कीला बोटसुद्धा लावू दिलं नाही, याचा राग मला आजही आहे. म्हणून गेल्या दिवाळीत आठवीतली भाची घरी आली, तेव्हा इम्युलेटर सुरू करून कीबोर्ड सरळ तिच्यापुढे सरकवला.

तिला आकाशकंदील काढायचा होता. पडद्याचे वेगवेगळे मोड असतात; रंग हवेत म्हणून मोड २ घेतला. त्यात एका ओळीत २० च अक्षरं बसतात, तीही चांगली जाडजूड. बिंदू साठवायला तिने २००० पर्यंतचा इंटिजर अ‍ॅरे (आकड्यांच्या घरांची रांग) मागितला आणि मशीनने उत्तर दिलं, 'डिम स्पेस', म्हणजे एवढी जागा नाही. तोच अ‍ॅरे मोड ७ या साध्या अक्षरांच्या मोडमध्ये बिनतक्रार मिळाला. "मामा, असं का?" मी सांगितलं, हायमेममधून (प्रोग्रामच्या जागेचा शेवट) पेज (तिची सुरुवात) वजा करून छाप, मोकळे बाइट कळतील. मोड ७ मध्ये आलं २५३४४, मोड २ मध्ये ५८८८. मग ती स्वतःच कागद घेऊन बसली. एका इंटिजरला ४ बाइट, अ‍ॅरे शून्यापासून म्हणून २००१ घरं, म्हणजे ८००४ बाइट. मावणार कसे? उरलेली जागा गेली कुठे, तर मोड २ चा एकटा पडदाच २० के खातो. मेमरी म्हणजे काय हे तिला त्या दुपारी कळलं, आणि ते मी सांगून नव्हे.

दाजी सोफ्यावरून म्हणाले, "पायथनसारखी आजची भाषा शिकवा हो तिला, हे भंगार कशाला?" हा वाद आमच्यात फार जुना आहे. तेव्हा पाहुण्यांसमोर मी गप्प राहिलो, पण इथे लिहितो. दाजी, तुमच्या खिशातल्या फोनचा प्रोसेसर ज्या एआरएम घराण्यातला आहे, तो याच मशीनच्या कंपनीत, अ‍ॅकॉर्नमध्ये जन्मला. सोफी विल्सन यांनी बीबीसी बेसिक लिहिलं आणि एआरएमच्या सूचनासंचाचं पहिलं सिम्युलेशनही त्याच बेसिकमध्ये केलं. ज्याला भंगार म्हणता त्यावर हे काम झालंय. पायथनमध्ये २००० आकड्यांची यादी मागितली की मिळते, आणि मुलीला प्रश्नच पडत नाही. प्रश्न पडायला हवा, माझं म्हणणं एवढंच आहे.

पायथन नकोच असं नाही, नोकरीसाठी तेच लागेल.

वडिलांच्या फ्लॉपींचं मात्र इम्युलेटरच्या हातात काही नाही. त्या सव्वापाच इंची असणार. तसा जुना चालू ड्राइव्ह आणि तो आजच्या संगणकाला जोडणारा ग्रीझवीझलसारखा बोर्ड मिळवून आधी त्यांची इमेज करावी लागते. बुरशीचे ठिपके दिसले तर साफ केल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नका, फ्लॉपीही जाईल आणि ड्राइव्हचं वाचणारं हेडही खराब होईल. इमेज झाली की प्रत काढून प्रतीवरच काम करा. सेव्ह करताना 'डिस्क रीड ओन्ली' आलं तर बीबएममधलं राइट प्रोटेक्ट काढा, आणि फाइलचं नाव सात अक्षरांच्या आत ठेवा.