जठरातलं आम्ल आतड्यात उतरल्यावर तिथलं अस्तर जळत कसं नाही?

जठराला श्लेष्माचं जाड कवच असतं, पण पुढच्या नाजूक आतड्याचं काय, असं तुम्ही विचारलंय. मोठं श्रेय आम्ल मारणाऱ्या बायकार्बोनेट या क्षाराचं.

जठरातला सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल तीव्र; ७ म्हणजे उदासीन) २ च्या आसपास असतो. ते आम्ल आधी आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात येतं. स्वादुपिंडाचा अल्कधर्मी रस थोडा पुढे मिळतो, म्हणून सुरुवातीच्या काही सेंटिमीटरला स्वतःच स्वतःला सांभाळावं लागतं. अल्सर तिथेच जास्त होतात, ते उगाच नाही. तिथल्या पेशी रक्ताच्या बाजूने सोडियमसोबत बायकार्बोनेट आत घेतात आणि आतड्याच्या पोकळीच्या बाजूने सीएफटीआर ही पेशीच्या आवरणातली वाहिनी व क्लोराइडशी अदलाबदल करणारी प्रथिनं यांच्यामार्फत बाहेर सोडतात. वरच्या चिकट श्लेष्मात ते अडकून राहतं, त्यामुळे पोकळीत आम्ल असलं तरी पेशीलगतचा सामू ७ च्या जवळ टिकतो. लिंबाच्या रसात चिमूटभर खायचा सोडा टाका, फसफसून आंबटपणा मरतो. तीच क्रिया इथे चालते. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पेशीत शिरतो आणि त्यातून पुन्हा बायकार्बोनेट बनतं! मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

पुण्यात अल्सर म्हटलं की आरोप मिसळीच्या तर्रीवर येतो. मला काळजी वाटते ती पर्वती चढून गुडघे दुखले म्हणून रोज मनाने डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेणाऱ्या काका-काकूंची. बायकार्बोनेट सोडायचा निरोप प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायनं देतात, आणि या गोळ्या नेमकी त्यांचीच निर्मिती रोखतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू अल्सरचं दुसरं मोठं कारण. त्याची तपासणी होते, उपचारही आहेत.