प्रिंटर कार्ट्रिज ओळखत नसेल, तर त्याचे कॉन्टॅक्ट कसे सुधारावेत?

आपल्या इंकजेट प्रिंटरला कार्ट्रिज वारंवार ओळखता येत नाही, तेव्हा कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्या, म्हणजे प्रिंटरशी वीज जोडणारे कॉन्टॅक्ट, खोडरबराने घासाव्यात की त्यांवर वीजवाहक ग्रीस लावावे, असे आपण विचारले आहे. मी नाशिकला सातपूर भागात प्रिंटर दुरुस्त करतो आणि माझ्या मते दोन्ही करू नये.

या पट्ट्या तांब्याच्या असल्या, तरी त्यांवर सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो. सोने गंजत नाही. त्यामुळे दोष बहुधा पट्टीत नसून तिच्यावर वाळलेल्या शाईत आणि बोटांच्या तेलकटपणात असतो. खोडरबराने घाण निघते खरी, पण मुलामाही झिजतो आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडे पडलेले तांबे काळे पडते. ग्रीस पसरले, तर शेजारच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या जाऊन शॉर्ट होतो.

प्रिंटहेड, म्हणजे शाई उडवणारा भाग, कार्ट्रिजमध्येच असेल, तर शाईचा थेंब उडवण्यासाठी एक सूक्ष्म रेझिस्टर (वीज गेल्यावर तापणारा घटक) काही मायक्रोसेकंदांत तापतो आणि वाफेचा बुडबुडा तयार होतो. संपर्कातील रोध वाढला की रेझिस्टरला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही, थेंब अशक्त पडतो आणि पानावर पांढऱ्या रेघा उमटतात. मग नोझल, म्हणजे शाई बाहेर पडण्याचे बारीक छिद्र, तुंबले असे समजून लोक प्रिंटरचे क्लीनिंग चालवत राहतात व महागडी शाई वाया घालवतात.

प्रिंटर चालू असताना कार्ट्रिज मधोमध आणा, मग प्लग काढा आणि कार्ट्रिज बाहेर घ्या. तंतू न सुटणारे कापड डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर करून पट्ट्या पुसा. हट्टी थराला आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालते. नोझलला कापड लावू नका, कारण पट्ट्यांवरची घाण तिकडे गेली तर नवेच दुखणे जडते. कॅरेजमधील, म्हणजे कार्ट्रिज बसते त्या सरकत्या भागातील, स्प्रिंगच्या पिनाही पुसाव्यात, ही बाजू बहुतेक जण विसरतातच. एखादी पिन दबून खालीच अडकली असेल, तर कितीही पुसले तरी उपयोग नाही. तेथे कॅरेजच बदलावे लागते.

टाकीवाल्या, पिएझो हेडच्या (उष्णतेऐवजी विजेने आकार बदलणाऱ्या घटकाने शाई ढकलणाऱ्या) प्रिंटरमध्ये मात्र हेडकडे जाणारी चपटी फ्लेक्स केबल पाहावी. तिच्या टोकाशी शाई झिरपली असेल, तर प्रिंटर पुन्हा चालू करू नका. शॉर्ट होऊन हेड आणि मदरबोर्ड दोन्ही जळू शकतात. केबल काढून पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि सरळ, पूर्ण आत बसवावी.